ज्वारीचे पोहे, नाचणीचे पोहे, ज्वारीचा रवा: नाश्त्याच्या नव्या पाकिटांची पारख

तांदळाच्या पोह्यांवर बसलेला हात ज्वारीच्या पोह्यांवर चालत नाही. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. पोहे धुतले, चाळणीत निथळले, फोडणीत टाकले, दोन मिनिटं वाफ आणली आणि ताटलीत आलं ते वातड, चघळत बसावं असं काहीतरी. मग पाकीट डब्यांच्या मागे सरकतं आणि दोन महिन्यांनी त्यात जाळी धरते. यात दोष पद्धतीचा बराच असतो. पण सगळा नाही. काही पाकिटांतला मालच असा असतो की त्याचे कांदेपोहे कुणीही केले तरी होणार नाहीत, आणि पाकिटावर फोटो मात्र कांदेपोह्यांचाच असतो.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आणि त्याच्या आगेमागे किराणा दुकानांत या मालाची स्वतंत्र फळीच तयार झाली. कृषी खातं ‘पौष्टिक तृणधान्य’ म्हणतं, केंद्र सरकार ‘श्री अन्न’ म्हणतं, दुकानदार सरसकट ‘मिलेट’ म्हणतो. या फळीवरचे नाश्त्याच्या कामाचे प्रकार इथे तपासले आहेत: ज्वारीचे, नाचणीचे आणि बाजरीचे पोहे, ज्वारीचा रवा, झटपट डोसा-उपमा मिश्रणं आणि जाता जाता ओट्स.

कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. पाकिटाच्या मागे ‘निर्माता’ आणि ‘विक्रेता’ अशी दोन वेगळी नावं बरेचदा दिसतात. माल एका गिरणीचा आणि छापा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. बचत गटाच्या प्रदर्शनातलं साधं पाकीट आणि मॉलमधलं चकचकीत पाकीट यांच्यातला फरक कधी कधी फक्त कागदाचा असतो. म्हणून नावापेक्षा आत काय आहे ते बघायला शिकणं जास्त उपयोगाचं.

ज्वारीचे पोहे: आधी जाडी बघा

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक जाड पोहा: मळकट पांढरा, आकाराने नखाएवढा, कडेला पातळ आणि मध्ये जाड, हातात घेतला की जड लागणारा. दुसरा पातळ, भाजलेला, कडकडीत, थोडा फुगलेला आणि चुरचुरणारा. कांदेपोह्यांना फक्त पहिला चालतो. दुसरा दुधात घालायला किंवा चिवड्याला. दोन्हींच्या पाकिटावर बरेचदा एकच नाव असतं, त्यामुळे पारदर्शक खिडकी असलेलं पाकीट घ्या. खिडकी नसेल तर बाहेरून चिमटीत दाबून बघा. कुरकुरून मोडला तर तो पातळ. घटकांच्या यादीत साखर, माल्ट किंवा मीठ दिसलं तरी समजा की हा दुधातला माल आहे.

जाड पोहा करायची रीत साधारण अशी: ज्वारी पॉलिश करून वरचं टरफल थोडं काढतात, भिजवून मुरवतात, वाफवतात, रोलरमधून दाबतात आणि वाळवतात. तांदळाचे पोहे होतात भातापासून, म्हणजे सालासकट असलेल्या धान्यापासून. ते भिजवून, गरम वाळूत भाजून मग दाबतात. ज्वारीच्या दाण्यात बाहेरचा भाग कठीण आणि काचेसारखा, आतला पिठूळ. दाबल्यावर कडा फाटून पातळ होतात पण मधला गाभा जाडच राहतो. तांदळाचा पोहा सगळीकडे एकसारखं पाणी पितो, ज्वारीचा पोहा कडेने पटकन पितो आणि मध्ये सावकाश. पुढच्या सगळ्या भानगडी या एका गोष्टीतून निघतात.

हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीचे पोहे, रवा, शेवया यांच्या प्रक्रियेवर बरीच वर्षं काम केलं आणि ‘ईटराइट’ या नावाने असे पदार्थ बाजारातही आणले. तेव्हा हे तंत्र काही काल-परवाचं नाही. बाजारात आज दिसणारा फरक तंत्रातला कमी आणि ज्वारीतला व चाळणीतला जास्त आहे. शाळूचा, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचा, मोत्यासारखा दाणा असेल तर पोहा पांढरट येतो. कापणीच्या वेळी पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी काळी पडते आणि तिचे पोहे करडे, ठिपकेदार दिसतात. चवीलाही ते किंचित कुबट लागतात. पाकिटाच्या तळाशी भुगा किती साचलाय ते बघा. पाव किलोत मूठभर भुगा असेल तर पोहे फार कोरडे पडलेत किंवा फार पातळ दाबलेत, आणि भिजवताना त्यांचा लगदा होणार.

आता कृती. दोघांना पोटभर होतील असे १०० ग्रॅम जाड पोहे घ्या. आधी चाळून भुगा काढा. तो टाकू नका, थालीपिठाच्या पिठात जातो. पोहे दोनदा हलक्या हाताने धुवा, मग जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात १० ते १२ मिनिटं ठेवा. तांदळाचे जाडे पोहे आपण भिजवत नाही, नुसते ओले करून झाकतो. इथे भिजवणं चुकवता येत नाही. नंतर चाळणीत उपसा आणि आणखी १० मिनिटं निथळत, मुरत ठेवा. हे मुरणं फार महत्त्वाचं, कारण कडेचं पाणी गाभ्यापर्यंत याच वेळात पोचतं. पारख अशी: एक पोहा अंगठा आणि तर्जनीमध्ये चुरडा. मधोमध खरखरीत कणी लागली तर पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं झाका. परत पाण्यात बुडवू नका. परत बुडवलं की कडा विरघळतात आणि कणी तशीच राहते, म्हणजे चिकट आणि दडदडीत असं दोन्ही एकाच घासात.

फोडणीला दोन मोठे चमचे तेल. नेहमीपेक्षा थोडं जास्त आहे, पण ज्वारी कोरडी लागते आणि तेल कमी केलं तर घशाला अडकते. मोहरी, जिरं, हिंग, शेंगदाणे, मिरच्या, कढीपत्ता आणि एक मोठा कांदा. कांदा तांदळाच्या पोह्यांपेक्षा सढळ हाताने घ्या, ओलावा त्याचाच मिळतो. हळद मात्र पाव चमच्याच्या वर नको. करड्या पोह्यांवर हळदीचा पिवळा रंग उठत नाही, मातकट दिसतो. पोहे घातल्यावर मीठ, अर्धा चमचा साखर, तीन-चार मोठे चमचे गरम पाण्याचा शिडकावा, घट्ट झाकण आणि मंद आचेवर ५ ते ६ मिनिटं दणदणीत वाफ. गॅस बंद करून तीन मिनिटं झाकण उघडायचं नाही. लिंबू आणि खोबरं त्यानंतर.

शिडकाव्याला पाण्याऐवजी दूध घेतलं तर पोहे जास्त मऊ राहतात. ताक घेऊ नका, फाटल्यासारखं होतं.

एवढं करून चव कशी? चांगली, पण वेगळी. भाकरीच्या पापुद्र्यासारखा खमंग गोडसर वास येतो आणि दाताखाली थोडा चावा राहतो. कांदेपोह्यांचा लुसलुशीतपणा यात येत नाही, तो शोधायला गेलात तर निराशा होईल. तिखट आणि रश्शाबरोबर हे पोहे उलट जास्त शोभतात. नागपुरी पद्धतीने वर चण्याची तर्री ओतली तर तांदळाचे पोहे दोन मिनिटांत फुगून बसतात, हे मात्र शेवटच्या घासापर्यंत टिकतात. ज्वारीच्या पोह्यांचा सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो.

डब्याला देण्यात अर्थ नाही. गार झाल्यावर ज्वारीचा शिजलेला स्टार्च तांदळापेक्षा लवकर घट्ट होतो, आणि दुपारी डबा उघडला की पोहे पुन्हा वातड झालेले असतात. डब्याला द्यायचेच असतील तर दाण्याचं कूट कमी, खोबरं जास्त, आणि खाताना गरम करायची सोय असेल तरच. गरम करताना पाण्याचा हबका मारावाच लागतो. वेळेचाही हिशेब प्रामाणिक असावा: पाकिटावर ‘५ मिनिटांत तयार’ लिहिलेलं असलं तरी भिजवणं, मुरणं आणि वाफ धरून अर्धा तास जातो. सकाळी सातची लोकल असेल तर हा नाश्ता रविवारचा समजा.

पौष्टिकतेचं किती खरं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते समोर ठेवले की पाकिटावरच्या अर्ध्या घोषणा गळून पडतात आणि उरलेल्या खऱ्या ठरतात. १०० ग्रॅमला ज्वारीत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम, तांदळाच्या पोह्यांत साडेसात. चोथा (फायबर) ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास, पोह्यांत साडेतीन. इथे ज्वारी सरळ जिंकते. लोह मात्र ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम आणि तांदळाच्या पोह्यांत साडेचार, म्हणजे ‘लोहाने समृद्ध’ असं ज्वारीच्या पाकिटावर वाचून पोहे सोडण्यात काही मिळकत नाही. लोह हवं असेल तर बाजरी, तिच्यात साडेसहाच्या जवळ आहे. कॅल्शियम हवं असेल तर नाचणी. तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर आहे आणि या बाबतीत तिच्या आसपास दुसरं कुठलंही नेहमीचं धान्य फिरकत नाही.

उष्मांकांचं काय? ज्वारी सुमारे ३३५, पोहे सुमारे ३५५. वीस उष्मांकांचा फरक, आणि वर सांगितलेलं जास्तीचं तेल घातलं की तोही संपला. वजन उतरलंच तर ते चोथ्यामुळे पोट लवकर भरून कमी खाल्लं गेलं म्हणून उतरेल.

शिवाय हे आकडे अख्ख्या धान्याचे आहेत. पोहे करताना टरफलाचा काही भाग जातो, त्याबरोबर चोथाही जातो. पाकिटावरच्या तक्त्यात चोथ्याचा आकडा दिलेला असेल तर तो बघा. सहा-सात ग्रॅम असेल तर बरा माल, दोन-तीन असेल तर ज्वारी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून जरा जास्तच घासली आहे. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: वाफवून दाबलेल्या कुठल्याही पोह्यात स्टार्च आधीच अर्धामुर्धा शिजलेला असतो, त्यामुळे तो अख्ख्या किंवा भरडलेल्या ज्वारीइतका सावकाश पचत नाही. पथ्याच्या दृष्टीने रवा किंवा कण्या बऱ्या.

नाचणीचे पोहे: पाण्यापासून दूर ठेवा

नाचणीचा दाणा मोहरीएवढा. तो नुसता दाबून पोह्याएवढा चपटा होत नाही. त्यामुळे ‘नाचणी पोहे’ म्हणून जे मिळतं ते बरेचदा नाचणीच्या पिठाच्या गोळ्या करून, त्या दाबून, भाजून केलेलं असतं. गोळी बांधली जावी म्हणून त्यात तांदळाचं किंवा मक्याचं पीठ घालायची पद्धत आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त किती घातलंय ते कळायला हवं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीत पहिलं नाव नाचणीचं नसेल तर ते नाचणीचे पोहे नव्हेत, नाचणी लावलेले पोहे आहेत. रंगावर जाऊ नका. गडद तपकिरी रंग कोको किंवा माल्टनेही येतो.

पिठाचा पोहा पाण्यात पडला की पुन्हा पीठ होतो. धुवायला गेलात तर चाळणीत काही उरणार नाही. पाकिटावरची ‘पोहे भिजवून घ्या’ ही सूचना या मालाला लागूच पडत नाही, तरी ती छापलेली दिसते.

याचं चीज होतं दडप्यात. कोकणातले दडपे पोहे पातळ पोह्यांचे आणि न शिजवता करायचे असतात, तीच रीत इथे चपखल बसते. दोन वाट्या नाचणीच्या पोह्यांना अर्धी वाटी ओलं खोबरं, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी काकडी किंवा टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्धं लिंबू. आधी कांदा, खोबरं, मीठ, साखर, लिंबू हाताने चुरून पाणी सुटू द्या, पाच मिनिटांनी त्यात पोहे घालून कालवा. वरून मोहरी, हिंग, मिरची, शेंगदाण्यांची फोडणी. तांदळाच्या दडप्यांना अर्धा तास दडपून ठेवतात, याला तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. दहाव्या मिनिटाला त्याचा गिच्च गोळा होतो, म्हणून वाढायच्या आधीच कालवायचं. नारळाचं पाणी शिंपडायची हौस इथे नको.

चिवडाही उत्तम होतो, फक्त कढईत मंद आचेवर चार मिनिटं परतायचा. नाचणी मुळातच काळपट असल्यामुळे करपल्याचं डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं तोवर उशीर झालेला असतो. कडू लागला की समजायचं.

दुधातले नाचणीचे पोहे मुलांना आवडतात, हे खरं. पण ज्यात साखर दुसऱ्या क्रमांकावर आहे असं पाकीट घेऊन कॅल्शियमचं समाधान मानण्यापेक्षा गोव्यातली तिझण करा. नाचणीचं पीठ, गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ. तीन मोठे चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात कालवून मगच आचेवर चढवायचं, सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवायचं, गूळ आणि नारळाचा रस शेवटी. रस घातल्यावर उकळी फुटू दिली तर तो फाटतो. पाकिटातल्या पोह्यांहून स्वस्त, आणि वेळही फारसा लागत नाही.

बाजरीचे पोहे

थोडक्यात: तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. बाजरीत स्निग्धांश १०० ग्रॅमला साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या तिप्पट, आणि हे तेल दाणा फुटला की हवेशी लागून खवट व्हायला लागतं. बाजरीचं पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडसर होतं ते याचमुळे. पोहे करताना वाफ दिल्याने तेल नासवणारे घटक बरेचसे निष्क्रिय होतात, म्हणून पोहे पिठापेक्षा टिकतात, पण पाकिटावरचे सहा महिने मात्र फार आशावादी आहेत. दोन महिन्यांच्या आतलं पाकीट घ्या. फोडल्यावर वास घ्या: जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर परत करा. खाताना जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागणं हीही तीच खूण. माल ताजा असेल तर थंडीत तुपावर परतून, गूळ आणि गरम दूध घालून खावेत. कांदेपोहे करायला जाऊ नये. बाजरीचा उग्र वास कांद्याशी भांडतो. लसूण चालतो.

ज्वारीचा रवा: या फळीवरची सगळ्यात कामाची वस्तू

एकच पाकीट घ्यायचं असेल तर हे घ्या. पोह्यांपेक्षा यावर प्रक्रिया कमी, किंमत कमी, बिघडायची शक्यता कमी आणि पदार्थ तीन-चार होतात.

उपम्याला गव्हाच्या रव्याची सवय मोडावी लागते. गव्हाचा रवा वाटीला दोन-अडीच वाट्या पाणी आणि तीन-चार मिनिटांत शिजतो. ज्वारीच्या रव्याला वाटीला तीन वाट्या पाणी, जाडसर असेल तर साडेतीन, आणि झाकणाखाली १० ते १२ मिनिटं लागतात. आधी एक चमचा तेलावर सहा-सात मिनिटं खमंग भाजा. फोडणीत कांदा, मटार, गाजर जे काय असेल ते घालून पाणी पूर्ण उकळलं की रवा सोडा. गव्हाच्या रव्यासारख्या गुठळ्या फारशा होत नाहीत, पण तळाशी बसतो, म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं. पाणी आटलेलं दिसलं की झाल्यासारखा वाटतो, आणि तिथेच बहुतेकांचा गॅस बंद होतो. त्या क्षणी दाणा वरून मऊ पण आतून कच्चा असतो. झाकण ठेवून सगळ्यात बारीक आचेवर पूर्ण दहा मिनिटं द्या, बंद करून आणखी पाच मिनिटं मुरू द्या, मग एक चमचा तूप. पंधरा-वीस मिनिटं आधी भिजवलेला रवा असेल तर पाणी अर्धी वाटी कमी आणि वेळही निम्म्याने कमी, मात्र मग भाजता येत नाही आणि खमंगपणा जातो. यातलं काय सोडायचं ते सकाळच्या घाईवर ठरवा.

इडलीला दोन वाट्या ज्वारीचा रवा, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या. रवा धुवून चार तास भिजवा, उडीद वेगळी भिजवून गार पाण्याने हलकी फुलेपर्यंत वाटा, दोन्ही हाताने कालवा. उन्हाळ्यात आठ तास, पुण्या-नाशकाच्या थंडीत बारा-चौदा. उडीद कमी करून ‘जास्त ज्वारी’ करायचा मोह होतो. पण पिठात हवा धरून ठेवणारी उडीदच आहे. तीन वाट्यांना एक वाटी केलीत की इडली चपटी आणि दगडी. इडलीपात्रात १२ ते १४ मिनिटं वाफ, आणि काढण्याआधी तीन-चार मिनिटं गार होऊ द्या, नाहीतर चमच्याला चिकटून मोडते. रंग पांढरा येत नाही. पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

खरं म्हणजे रव्याचं पाकीटही घ्यायची गरज नाही, जवळ पिठाची गिरणी असेल तर. दोन किलो कडक वाळलेली ज्वारी घेऊन जा आणि ‘जाड भरडून द्या’ म्हणून सांगा. गव्हाच्या दळणानंतर लगेच टाकू देऊ नका. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, चालत नसलेलं कुणी घरात असेल तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ महागात पडतं, आणि अशा घराने गिरणीपेक्षा ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेलं पाकीटच आणावं. घरी आणून आधी बारीक चाळणीने चाळा: खाली पडेल ते भाकरीचं पीठ, वर राहील त्याला रवाचाळणी लावली की उपम्याचा रवा आणि सगळ्यात वरची भरड ताकातल्या कण्यांना. विदर्भातली उकडपेंडी अशा जाडसर पिठाचीही होते: तेलावर कांदा-मिरची परतायची, पीठ बदामी भाजायचं, ताकमिश्रित पाण्याचा हबका देत देत मोकळं शिजवायचं. बाजारातलं कुठलंही झटपट मिश्रण या उकडपेंडीच्या जवळ येत नाही, आणि तिला लागतात पंधरा मिनिटं.

झटपट मिश्रणं

‘मल्टिमिलेट डोसा’, ‘नाचणी इडली’, ‘ज्वारी उपमा, फक्त गरम पाणी घाला’. यादी वाचा. पहिला घटक तांदळाचं पीठ किंवा गव्हाचा रवा, आणि ज्याचं नाव पाकिटावर ठळक ते तिसऱ्या-चौथ्या जागी, असं वारंवार आढळतं. दुसरी गोष्ट मीठ. तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि इथे चटणी-सांबार अजून आलेलंच नाही. गरम पाण्यातल्या उपम्यात बरेचदा आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल असतं, ते टोचतं आणि लिंबाची चव देत नाही. प्रवासाला, वसतिगृहाला, इस्पितळात बसणाऱ्या माणसाला ठीक. घरी रोज करायला कशाला?

नाचणीच्या झटपट डोशाला पाकिटाची गरज नाहीच. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी बारीक रवा, एक वाटी आंबट ताक, जिरं, मिरची, मीठ आणि साधारण दीड वाटी पाणी. वीस मिनिटं भिजू द्या, मग पुन्हा पाणी घालून ताकाएवढं पातळ करा, कारण रवा तेवढ्या वेळात पाणी पितो. तवा कडकडीत तापलेला हवा आणि पीठ डावाने पसरवायचं नाही, उंचावरून शिंपडत ओतायचं. जाळी पडली नाही तर पीठ घट्ट आहे. चिकटला तर तवा गार आहे किंवा उलटायची घाई झाली. कडा आपोआप सुटेपर्यंत, दीड-दोन मिनिटं, हात लावू नका. पीठ खाली बसतं, दर डोशाला ढवळून घ्या.

ओट्सबद्दल एवढंच: पोह्यांसारखे धुवू नका. त्यातला विद्राव्य चोथा पाण्यात चिकट होतो आणि मग त्याची पेज होते. जाड रोल्ड ओट्स कोरडे चार-पाच मिनिटं भाजायचे, वाटीला एकच वाटी पाणी, तेही भाज्या शिजल्यावर. ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणारा भुगा उपम्याला बाद. तो थालीपिठात घाला, भाजणीच्या एक तृतीयांशपर्यंत चव बदलत नाही.

किंमत आणि साठवण

२०० किंवा २५० ग्रॅमच्या पाकिटावरची किंमत साधी वाटते, ती किलोवर काढून बघा. ज्वारीचे पोहे तांदळाच्या सुट्या पोह्यांच्या तिप्पट आणि कधी कधी त्याहून वर जातात. रवा त्यापेक्षा बराच खाली येतो, आणि गिरणीत भरडलेला तर ज्वारीच्या भावात. प्रदर्शनात बचत गटाकडून घेताना उत्पादनाची तारीख छापलेली आहे की शिक्का मारलेला पुसट आहे ते बघा, आणि परवाना क्रमांक आहे ना तेही. तोंडी ‘कालच केलंय’ यावर बाजरी कधीच घेऊ नये.

पाकीट फोडलं की सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. ज्वारीच्या पोह्यांना आणि रव्याला कीड लवकर लागते, कारण टरफल गेलेलं असतं. आणल्या आणल्या पाकीट न फोडता दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं तर आत असलेली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि पोह्यांना बुरशी येते. बाजरीचे पोहे आणि नाचणीचं पीठ पावसाळ्यात फ्रीजमध्येच असू द्या, ज्वारीचा रवा बाहेर महिनाभर चालतो. डब्याच्या झाकणाला आतून पांढरे धागे दिसले तर चाळून वापरायचा विचार करू नका. जाळी दिसते तेव्हा अळ्या आधीच पिठात उतरलेल्या असतात.